बाबांसाठी सकाळची गाणी

मी गाणी लावून देते. हा काय धंदा झाला का, असं आमच्या आळीतल्या अर्ध्या लोकांनी मला तोंडावर विचारलंय आणि उरलेल्यांनी पाठीमागे. गाणं मी म्हणत नाही, वाजवत नाही, लिहीत तर नाहीच. दुसऱ्यांनी केलेली गाणी मी एकापुढे एक अशी लावते की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्या मनातलंच वाजतंय. किनाऱ्यावरची कॉटेजेस, दोन खानावळी, हळदीचे मांडव. मुरुडच्या एका लॉजवाल्याने तर नुसत्या जिन्यासाठी यादी मागितली होती. जिना चढायला माणसाला वेळ तो किती लागणार आणि तेवढ्यात तो ऐकणार काय, पण त्याला हवी होती. दिली.

या कामात काही गोष्टी आपोआप कळत गेल्या. मुंबईची माणसं शनिवारी दुपारी पोचतात, तोवर वडखळच्या आसपास ट्रकांमागे सडलेली असतात, नवराबायकोचं एक भांडण होऊन गेलेलं असतं आणि पोराने गाडीत ओकून ठेवलेलं असतं. त्यांना आल्या आल्या शब्दांचं गाणं लावायचं नाही. त्यातलाच एखादा शब्द धरून ती दोघं पुन्हा सुरू होतात. नुसती बासरी लावायची. पोहून, अंघोळ करून आली की जुनी हिंदी. मासळी जेवून सुस्तावली की लांबलचक आणि संथ, कडवं कधी बदललं ते कळूच नये अशी. पावसात अडकलेल्यांना पावसाची गाणी मुळीच द्यायची नाहीत. खोलीत बादली ठेवून गळती झेलणाऱ्याला पाऊसगाणं ऐकवलं की तो बिल देताना कटकट करतो. आणि रविवारी निघायच्या वेळी काहीच लावायचं नाही. हे कॉटेजच्या मालकाला काही केल्या पटत नाही. मॅडम, जरा समुद्राचा फील द्या ना, असं तो मला सारखा सांगतो. मी म्हटलं, अहो, समुद्र समोर आहे आणि तो फुकट वाजतोय, तुम्ही जरा गप्प बसून तो ऐका की.

पेणकडच्या एका आगरी गावात मात्र मी तोंडावर आपटले. हळदीचा मांडव रिकामा वाटायला नको म्हणून मी गाण्याला गाणं जोडून अशी यादी केली होती की मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. हळद लावायला सुरुवात झाली आणि नवऱ्यामुलाची आत्या पदर खोचून आमच्या स्पीकरपाशी आली. तिथे हळद लावताना म्हाताऱ्या बायका धवले म्हणतात, म्हणजे लग्नातली त्यांची स्वतःची गाणी, आणि मी त्यांना तोंड उघडायला जागाच ठेवली नव्हती. तिने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून शुभकार्याच्या यादीत मी मोकळी जागा सोडते. एवढी अद्दल घडल्यावर आपल्याला आता या कामातलं सगळं कळलं, असं मला वाटायला लागलं.

हे मी स्वतःची टिमकी वाजवायला सांगत नाहीये. हे काम मी सुरू केलं तेच मुळी बाबांमुळे. दिवाळी झाली आणि बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. आई आधीच गेली होती, भाऊ-बहीण कोणी नाही, माझं स्वतःचं लग्न मोडून जमाना झाला. बेलापूरची नोकरी सोडून मी गावी आले. घरात बसून काय करता येईल ते बघताना हे गाण्यांचं हाताला लागलं.

बाबा एसटीच्या स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्यांची वेळ, फलाट, कुठून आली, कुठे चालली, सगळं माइकवरून सांगायचे. सगळ्या तालुक्याला त्यांचा आवाज माहीत होता, चेहरा निम्म्यांना नव्हता. मी कॉलेजात असताना कोणी मला विचारलं की तुझे वडील काय करतात, तर मी म्हणायची, ऐका, तेच बोलतायत. त्या माणसाचा झटक्याने आवाज ठेवला आणि शब्द नेले. एक शब्द तेवढा उरला. थांब. पाणी हवं, थांब. चादर टोचतेय, थांब. चहा छान झालाय, थांब. कधी रागाने, कधी लाडाने, पण शब्द तोच. सुरुवातीला मी खरंच थांबायची आणि ते चिडायचे. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की शब्दाकडे लक्षच द्यायचं नाही, नुसतं तोंडाकडे बघायचं.

आता मोठ्या काकांबद्दल सांगायला हवं. ते बाबांचे सख्खे थोरले भाऊ. रस्त्यापलीकडे त्यांचं घर. आमच्या ओटीवरून त्यांचं फाटक दिसतं, त्यांच्या पडवीतून आमचं. नारळी-पोफळीची वाडी दोघांची निम्मी-निम्मी. बाबा खाकी शर्ट घालून स्टँडवर जायचे आणि काका वाडी बघायचे, स्वतःचीही आणि आमचीही. संध्याकाळी देवळात भजनाला दोघं जोडीने. काकांचा मृदंग, बाबांचा गळा. काकांचे गुडघे गेले, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, मग काकांनी आपली निम्मी वाडी मुंबईच्या माणसाला विकली. ज्या कॉटेजांत मी बासरी लावते ना, ती त्याच जागेत आहेत.

त्या वेळी बाबांनी सगळ्या आळीसमोर काकांना सांगितलं की तू आपली आई विकलीस. काकांनी शांतपणे विचारलं, आईला पाणी कोण घालत होतं रे? तुला पगार होता, मला नारळ होते. झालं. तिथून बोलणं बंद. गणपती वेगळे झाले, भजन दोघांनीही सोडलं. माझं मत विचाराल तर काकांचं बरोबर होतं. बाबांनी जन्मात एका पोफळीच्या बुंध्याशी तांब्याभर पाणी ओतलेलं नाही. पण ते माझे बाबा होते, त्यामुळे मी गप्प बसले.

झटका आल्यावर काका भेटायला आले नाहीत. बाबा वाट बघतायत हे मला कोणी सांगायला नको होतं. संध्याकाळी काका नाक्यावर जायला निघाले की त्यांना खोकायची सवय. खोकला ऐकू आला की बाबा खुर्चीत सरळ व्हायचे आणि चालत्या हाताने केस सारखे करायचे. काका पुढे निघून गेले की पुन्हा खाली घसरायचे. रोजचं होतं ते. बाबा बरे होतील अशी आशा मला नव्हती, डॉक्टरांनाही नव्हती. ते आहेत तोवर काका एकदा आमच्या ओटीवर येऊन बसावेत, एवढंच मला हवं होतं. बाबांनाही तेच हवं होतं आणि ते मागायला त्यांच्याकडे थांबशिवाय काही नव्हतं.

अलिबागला बोलण्याचे व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती, तिने मला आशा लावली. ती म्हणाली की काही जणांना बोलता येत नाही पण गाता येतं, गाण्यातले शब्द डोक्यात वेगळ्या ठिकाणी असतात म्हणे. हे भजनं म्हणायचे ना, मग तीच ऐकवा. मी तर हुरळूनच गेले. हे तर माझंच काम. लॉजच्या जिन्याला गाणी देणारी मी, बापाला देऊ शकणार नाही? मी भजनातल्या जुन्या माणसांना विचारून बाबा काय काय म्हणायचे ते काढलं, तीच भजनं फोनवर शोधली, पट्टी उतरवून हळू लयीतली वेगळी ठेवली, आणि एक सकाळची यादी केली. चहा-खारी होईपर्यंत पुरेल एवढी. शब्द न् शब्द बाबांपर्यंत पोचावा म्हणून स्पीकर मोठा लावायचा. ते कधी कधी शेवटचं अक्षर धरून आ करायचे. शब्द काही आला नाही. तरी मी रोज लावत राहिले.

शिमग्याच्या आधीची गोष्ट. मी यादी लावून मागच्या दारी विहिरीवर बाबांच्या चादरी धुवायला गेले. पंप चालू होता, त्यामुळे मला पुढचं काही ऐकू येत नव्हतं. आता त्या ॲपची एक खोड आहे. आपली यादी संपली की ते गप्प बसत नाही, आपल्या मनाने पुढचं निवडतं. तुम्ही भजनं ऐकताय ना, मग घ्या अजून. त्याने एक धून लावली. देवाची दोन नावं, तीच ती, सावकाश, पुन्हा पुन्हा.

कुठल्याही दुसऱ्या गावात ती नुसती धून असेल. आमच्याकडे माणूस गेलं की घरच्यांनी आधी ती धून लावायची असते. आधी देवळातली कॅसेट आणायचे, आता फोनवर लावतात. गेल्याचं सांगायला दारोदार जायचं नाही, तसा दंडकच आहे. धून ऐकू आली की हातातलं काम टाकून ज्याने त्याने यायचं. ॲपला हे कोण सांगणार?

मी चादरी पिळून पुढे आले तर अंगण भरलेलं. शेजारची मावशी मासे साफ करता करता उठून आली होती, हाताला खवलं तशीच. बायका तोंडाला पदर लावून उभ्या. एक जण तर बांबू तोडायचा म्हणून कोयता घेऊनच आला होता. आणि ओटीवर, सगळ्यांच्या समोर, बाबा खुर्चीत बसून चहात खारी बुडवत होते. बाबा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना धून कळत होती, अंगण कळत होतं, कोयता कळत होता. डोकं शाबूत होतं हो त्यांचं. आपल्या मयताला कोण कोण आलंय ते ते बघत होते.

मी धावत जाऊन धून बंद केली. तेवढ्यात रस्त्यावरून रडण्याचा आवाज आला. धाकट्या, धाकट्या रे, असा हंबरडा फोडत मोठे काका येत होते. अनवाणी, नुसत्या पंच्यावर, दाढी अर्धी केलेली आणि उरलेल्या गालावर साबण. लोकांना बाजूला सारत ते ओटीच्या पायरीशी आले आणि त्यांनी मान वर केली. बाबा त्यांच्याकडे बघत होते. खारी चहात पडली होती.

इथे कोणीतरी हसलं. वाईट मनाने नव्हे. धसका घेतलेली माणसं होती, माणूस जिवंत बघून त्यांचा जीव भांड्यात पडला होता. पण एक हसलं तसे सगळेच हसले, पदरवाल्या बायकासुद्धा, आणि मधोमध काका उभे, डोळ्यांतून पाणी आणि गालावर साबण. त्यांनी पंच्याच्या टोकाने तोंड पुसलं आणि ते मागे वळले.

बाबा म्हणाले, "थांब."

सगळ्या आजारपणात त्या शब्दाचा अर्थ थांब असा त्या एकाच वेळी होता. काका थबकलेही. पण भजनातले एक जुने सोबती शेजारी उभे होते, त्यांनी काकांच्या पाठीवर हात ठेवला आणि हसतच म्हणाले, "त्याचं काय मनावर घेतंस, तो सगळ्यालाच थांब म्हणतो. चहा दिला तरी थांब." काकांनी पुन्हा वळून पाहिलं नाही. फाटकातून बाहेर पडले, रस्ता ओलांडला, आणि आपलं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी कानाला खडा लावला. यादी संपल्यावर काही वाजणार नाही अशी सोय करून ठेवली आणि बाबांची नेहमीची भजनं लावली. बाबा खुर्चीच्या दांड्यावर हात आपटायला लागले. थांब, थांब. मी पुढचं लावलं. थांब. हळू लयीतलं लावलं, नाट्यगीत लावलं, शेवटी वैतागून कॉटेजवाल्यांची बासरी लावली. हात आपटणं काही थांबेना. एकदाची ती कालची धून लावली तेव्हा हात खाली आला.

मी त्यांच्याशी भांडले, खोटं कशाला बोलू? म्हटलं, बाबा, शोभतं का हे, सकाळी सकाळी स्वतःच्या घरात कोणी हे लावतं का, पुन्हा आळी गोळा होईल. ऐकायला तयार नाहीत. आवाज वाढव अशी खूण केली. मग स्पीकरचं तोंड रस्त्याकडे फिरव अशी खूण केली. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सुरुवातीला कोणी कोणी धावत आलं, बाबांना बघून चरफडत परत गेलं. मग आळीला सवय झाली. एसटी आली, दूधवाला आला, यांच्याकडची धून लागली. शेजारच्या मावशीची सून बाळंत होऊन घरी आली होती. ती मावशी रोज कुंपणावरून डोकं काढून सांगायची की बाय, ते अभद्र जरा हळू लाव, घरात पोर लहान आहे. मी दोन टिचक्या कमी करायची. बाबा हात आपटायचे. मी पुन्हा वाढवायची.

एक दिवस मी त्यांच्या खुर्चीशेजारी भाजी निवडत बसले होते. धून चालू होती आणि बाबा फाटकाकडे बघत होते. पापणी हलत नव्हती. धून संपली, त्यांनी मला पुन्हा लाव अशी खूण केली आणि पुन्हा फाटकाकडे बघायला लागले. तेव्हा कुठे मला कळलं. मला, जिला कोणत्या वेळी कोणतं गाणं ते सगळं कळतं! ही धून लागली की दादा येतो. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, इतक्या वर्षांत दादा एकदाच आला आणि तो याच्यावर आला. मग माणूस दुसरं काय लावेल? त्यांच्याजवळ बोलवायला शब्द नव्हता, ही एक धून होती. मी भाजी तशीच टाकून आत गेले आणि रडले.

त्याच दुपारी मी काकांकडे गेले. अंगणात ते नारळाची झापं विणत बसले होते. मी काही आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, काका, रोज सकाळी ते वाजतं ना, ते तुमच्यासाठी आहे, बाबा तुम्हाला बोलवतायत. काकांचे हात थांबले नाहीत. त्यांनी एक झाप विणून पुरं केलं. मग म्हणाले की त्या दिवशी सगळी हसली. मी म्हटलं, बाबा नाही हसले. त्यावर त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, खरं बोलतेय का ते जोखल्यासारखं.

"येतो," ते म्हणाले. "असाच कसा येऊ? गणपतीत येतो."

आणि मला ते पटलं. इतकी वर्षं समोरासमोर राहून न बोलणाऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला निमित्त लागतं. गणपतीत कोणाकडेही जाता येतं, बोलावणं लागत नाही, कोणी हसत नाही. निमित्ताची किंमत मला नाही कळणार तर कोणाला? मी घरी येऊन बाबांना सांगितलं, काका गणपतीत येणार. बाबांचं तोंड एका बाजूनेच हसायचं, ती बाजू हसली. मी तर लगेच यादी करायला बसले. दोघं म्हणायचे ती भजनं, आणि मधे मधे मोकळी जागा, म्हणजे काकांना मृदंगावर हात टाकावासा वाटला तर टाकता यावा आणि बाबांना आ करावासा वाटला तर करता यावा. इतकी नीट यादी मी कोणाला दिलेली नाही. आहे अजून फोनमध्ये. दुसऱ्या कोणत्याही प्रसंगाला ती चालणार नाही.

बाबांनी मात्र धून सोडली नाही. गणपतीपर्यंत थांबा असं मी सांगायची आणि ते हात आपटायचे. पाऊस लागला तशी खुर्ची ओटीवरून आत खिडकीशी नेली, स्पीकर प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीत ठेवला, तोंड रस्त्याकडे. आषाढात त्यांचं खाणं कमी झालं. मऊ भातही ओठांवरून ओघळायला लागला. मावशी काकांकडे मासे द्यायला जायची, तिच्याकडून मी निरोप पाठवला की बाबांचं काही खरं दिसत नाही, आधी आलात तर बरं. काका म्हणाले, वाजतंय की रोज, येतोच आहे गणपतीत, आता राहिले किती दिवस.

श्रावणात एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर बाबा गेलेले होते. झोपेतच. चेहरा शांत वगैरे होता असं मी म्हणणार नाही, तोंड उघडं होतं आणि मान खिडकीकडे कलली होती. मी चहा खाली ठेवला. त्यांच्या तोंडात पाणी घातलं, तुळशीचं पान ठेवलं, डोळे मिटवले, हात सरळ केले. मग मला पुढचं काही सुचेना. कोणाला फोन केला नाही, धून लावली नाही. लावायची असते ते माहीत असून माझा हात उठेना. मी जमिनीवर बसून राहिले. बाहेर पागोळ्या पडत होत्या. दूधवाला पिशवी अडकवून गेला. मावशीकडे पोर रडत होतं. आळीत सगळं रोजच्यासारखं चाललं होतं.

फाटक वाजलं. मला वाटलं मावशी असेल. बाहेर येऊन बघितलं तर मोठे काका उभे होते. छत्री होती, पण उघडलेली नव्हती, खांदे भिजत होते. या खेपेला दाढी नीट केलेली होती. त्यांनी माझ्याकडे न बघता खिडकीतल्या स्पीकरकडे बघितलं.

"आज लावलंस न्हाय गं, बाय?"

मी मान हलवली फक्त. काकांनी छत्री फाटकाला टेकवली. घराची कडी लावायला विसरल्यासारखे एकदा मागे वळून रस्त्याकडे बघून घेतलं, मग सावकाश पायऱ्या चढून ओटीवर आले. आत काही आले नाहीत. ओटीच्या खांबाला पाठ लावून खाली बसले. तिथून खिडकीतून बाबांचे पाय दिसत होते.

"वाजायचं तेवढा वेळ मी पडवीतच बसायचो," ते म्हणाले. "वाजतंय म्हंजे हाय, म्हणायचो. हाय ना, मग जाऊ गणपतीत."

त्यांच्यावर ओरडावं असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बोलवत होता हो तो तुम्हाला, आणि तुम्ही ते खुशाली म्हणून ऐकत बसलात. पण ते झापं विणत होते तेव्हाच माझं हे सांगून झालं होतं. त्यांना माहीत होतं. माहीत असून ते रोज पडवीत बसत होते आणि त्यांना बरं वाटत होतं, यात मी कोणाला काय बोलणार? भाऊ आहे एवढं त्यांना पुरत होतं. आला पाहिजे, हे फक्त बाबांना हवं होतं. माझा राग तिथल्या तिथे निवला आणि त्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं.

"लाव आता," काका म्हणाले.

मी धून लावली. आवाज रोजच्याएवढाच. या वेळी ती बरोबर वेळेला, बरोबर घरात वाजत होती, आणि रस्त्याने शाळेची पोरं हसत गेली, एक सायकल गेली, कुठल्याशा घरात टीव्ही चालू झाला. कोणीही हातातलं काम टाकलं नाही. कोणी आलं नाही. धून संपली की काका हाताने पुन्हा लाव अशी खूण करायचे, अगदी बाबांसारखी, आणि मी पुन्हा लावायची. ते आत बघत होते आणि पुटपुटत होते. काय ते मला कळलं नाही, आणि मी ऐकायला जवळही गेले नाही. इतक्या वर्षांचं बोलणं होतं, ते त्यांचं ते बघून घेतील.

बऱ्याच वेळाने मावशीने नेहमीसारखं कुंपणावरून डोकं काढलं. "बाय, जरा हळू कर गं, पोर आत्ताच निजलंय," असं म्हणता म्हणता तिची नजर ओटीवर गेली. तिने पदर तोंडाला लावला. धून तर रोजचीच होती. काकांना आमच्या ओटीवर बसलेलं बघून तिला कळलं.